गाडीवरचं चायनीज आणि काचेआडचं चायनीज

स्टायपेंडचे पैसे पहिल्यांदा हातात पडले की माणूस एकतर मोबाईल बदलतो, नाहीतर मित्रांना पार्टी देतो. आमच्या रूम पार्टनरचा मोबाईल अजून बरा चालत होता. त्यामुळे शनिवारी रात्री मेसमध्ये, बटाट्याच्या रश्शात बटाटा शोधता शोधता त्याने जाहीर केलं, "उद्या दुपारी चायनीज. आणि गाडीवरचं नाही हं, मोठ्या हॉटेलातलं. स्पेशल लंच!"

आम्ही तिघंही गार! कारण पार्टनरच्या चायनीजला इतिहास आहे. त्याचा दादा कराडकडे एसटी स्टँडबाहेर चायनीजची गाडी लावतो. लाल पडदा, त्यावर ड्रॅगन, बाजूला दोन बाकडी. पार्टनरची फर्स्ट इयरची फी त्याच गाडीवरच्या नूडल्समधून आली आहे. आणि हॉस्टेलवर विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणणार, "गाडीवरचं कसलं रे चायनीज, सगळं डुप्लिकेट!" पार्टनर त्यावर कधी काही बोलत नाही. पण रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालताना म्हणाला, "एकदा ओरिजिनल काय असतं ते बघायचंय."

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या जेवणाचं जर्नल समजा. अपॅरॅटस आहे, ऑब्झर्वेशन आहे, कॅल्क्युलेशनसुद्धा आहे. सही मात्र कोणाची घेतलेली नाही.

पहिलं अपॅरॅटस म्हणजे टेबल. गोल टेबल आणि त्यावर बेअरिंगवर फिरणारी काचेची मोठी थाळी. आम्ही मेकॅनिकलवाले, ती फिरवून बघण्यात पाच मिनिटं गेली. तिच्यामागे एका डॉक्टरचं डोकं आहे. डॉ. वू लिएन-ते यांनी १९१०-११ मध्ये मांचुरियात पसरलेली प्लेगची भयंकर साथ आटोक्यात आणली. चीनमध्ये सगळे एकाच भांड्यातून आपापल्या चॉपस्टिक्सनी खातात, त्यातून रोग पसरतात, म्हणून अशी फिरती थाळी वापरा आणि वाढून घ्यायला वेगळा चमचा ठेवा, असा आग्रह त्यांनी पुढे धरला. म्हणजे मांचुरियाशी आपला संबंध फक्त गोबी मंच्युरियनपुरता नाही!

मग चहा आला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, जाईच्या वासाचा. आमच्यातल्या एकाने इकडेतिकडे बघून हळूच साखर आहे का विचारलं. वेटरने हसू दाबत सांगितलं, "सर, हा असाच घेतात." दक्षिण चीनमधल्या कँटन भागात अशा दुपारच्या बेताला 'यम चा' म्हणतात, म्हणजे सरळ 'चहा प्या'. चहाबरोबर तोंडात टाकायला जे छोटे छोटे पदार्थ येतात ते डिमसम. कपात कोणी चहा ओतला की बोलण्यात खंड न पाडता टेबलावर बोटं टकटक केली की 'थँक्यू' होतं. चॉपस्टिक्सचं विचाराल तर दहा मिनिटं झटापट केली आणि तिघांनी काटे मागितले. पार्टनर मात्र हट्टाने चॉपस्टिक्सवरच अडून राहिला.

डिमसमच्या बांबूच्या टोपल्या उघडल्या आणि मला एकदम चतुर्थी आठवली. कळ्या पाडलेले, आतलं सारण दिसावं इतक्या पातळ पारीचे, वाफाळते. आत नारळ-गुळाऐवजी कोळंबी, एवढाच काय तो फरक! आणि साम्य नुसतं दिसण्यातलं नाही. मोदकासाठी आपण तांदळाच्या पिठाची उकड का काढतो? तांदळात ग्लुटेन नसतं, म्हणून गार पाण्यात भिजवलेलं पीठ वळलं तर फुटतं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना धरतात आणि पारी लवचिक होते. कोळंबीच्या त्या 'हार गाव'ची पारीसुद्धा अशीच उकळत्या पाण्यात पीठ मळून करतात. फक्त पीठ गव्हाचं, तेही ग्लुटेन धुऊन काढलेलं. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो ना, तोच वाळवला असं समजा. त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ. ग्लुटेन गेल्यामुळेच पारी काचेसारखी दिसते. आणि टोपली बांबूचीच का? स्टीलच्या झाकणाखाली वाफेचं पाणी होऊन खाली टपकतं आणि पारीचा गिचका होतो. बांबूचं विणलेलं झाकण थोडी वाफ बाहेर सोडतं, थोडं पाणी स्वतः पितं. आपल्याकडे आई मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधते, त्याचंच हे चिनी रूप.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि पार्टनर जागेवर नव्हताच. तो हॉलच्या टोकाला उभा होता. तिथे काचेची भिंत होती आणि पलीकडे किचन. मीही गेलो. आतल्या बर्नरचा आवाज काचेतूनही येत होता, घों घों असा. पार्टनर म्हणाला, "भावा, हा आवाज ओळखीचा आहे."

आता कॅल्क्युलेशन. घरी आपण फ्राइड राइस करतो आणि तो कधीच 'तसा' होत नाही. सॉस बदलून बघतो, भात बदलून बघतो. दोष त्यांचा नसतो, दोष पाण्याचा असतो. भाज्या गरम झाल्या की पाणी सोडतात. समजा कढईत ५० ग्रॅम पाणी सुटलं. पाण्याची लेटंट हीट किलोला २२५७ किलोज्यूल, म्हणजे ते उडवायला सुमारे ११३ किलोज्यूल लागणार. घरचा मोठा बर्नर साधारण ३ किलोवॅटचा. त्यातली निम्मी उष्णता कढईत गेली असं उदारपणे धरलं तरी १.५ किलोवॅट. भागाकार केला तर पाणी उडायला ७५ सेकंद. तेवढा वेळ कढई १०० अंशांच्या आसपास अडकून राहते आणि कोबी परतण्याऐवजी उकडत बसतो. हॉटेलातला वोकचा बर्नर ३० किलोवॅटचा सहज असतो. त्यातली पाव उष्णताच कामी आली तरी ७.५ किलोवॅट, म्हणजे १५ सेकंद! पाणी सुटायच्या आत उडून जातं आणि कढईचा पत्रा दोनशे अंशांच्या वर टिकून राहतो.

दोनशेचं महत्त्व काय? साधारण १४० अंशांच्या वर अन्नातली साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तपकिरी, खमंग अशी असंख्य संयुगं तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, कांद्याची भजी, सगळीकडे हीच. पाणी आहे तोवर तापमान १०० च्या पुढे सरकत नाही, म्हणजे खमंगपणा नाही. त्यात कढई उडवली की तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटतात आणि तो किंचित धुरकट वास पदार्थाला चिकटतो. कँटनी लोक त्याला 'वोक हे' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. नाव काय सुरेख ठेवलंय!

ती कढई उडवणं हासुद्धा अभ्यासाचा विषय झालेला आहे. जॉर्जिया टेकच्या हंगटँग को आणि डेव्हिड हू यांनी आचाऱ्यांचे व्हिडिओ काढून त्यावर २०२० साली पेपर लिहिला. आचारी कढई हवेत उचलून झेलत नाही. तो ती शेगडीच्या कडेवर टेकवून पुढेमागे ढकलतो आणि त्याच वेळी झोक्यासारखी तिरपी करतो. एका सेकंदात जवळजवळ तीन वेळा. त्यामुळे इतक्या आगीतही भाताचं शीत जळत नाही, कारण ते पत्र्यावर एका जागी टिकून राहत नाही, सारखं हवेत उडत राहतं. मी हे सांगितल्यावर पार्टनर म्हणाला, "दादाचा डावा खांदा रात्री दुखतो. आई तेल लावून देते." या पेपरमागचं एक कारण आचाऱ्यांची खांदेदुखी हेच होतं.

आता खरा मुद्दा. गाडीवरसुद्धा हाय-प्रेशरचाच बर्नर असतो! म्हणूनच तो आवाज पार्टनरच्या ओळखीचा. लोखंडी कढई तीच, तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली. भात दोन्हीकडे आधी शिजवून गार केलेला, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शितं सुटी राहतात (आपला फोडणीचा भातही कालच्याच भाताचा चांगला होतो). म्हणजे आगीच्या बाबतीत आपलं घर तिसऱ्या नंबरावर आणि दादाची गाडी थेट या काचेआडच्या किचनच्या पंगतीला.

मग पैसे कशाचे? बऱ्याच अंशी वेळेचे. आमच्यापुढे आलेलं चिकन विलक्षण मऊ होतं. त्याचे काप अंड्याचा पांढरा बलक आणि कॉर्नफ्लोअरमध्ये मुरवून, जेमतेम गरम तेलातून काढून, मग वोकमध्ये टाकतात. वरच्या स्टार्चचं पातळ कवच होतं आणि आतलं पाणी आतच राहतं. ही दोन टप्प्यांची चैन रात्री आठ वाजता पंधरा गिऱ्हाइकं उभी असताना गाडीवर कोण करणार? मासा ताजा, मश्रूम तीन जातींचे, गालिचा, एसी आणि अदबीने वाकणारा वेटर, हे सगळंही बिलात येतंच.

मासा आला तो सिचुआन पद्धतीचा. 'शेजवान' ते हेच. पहिला घास घेतला आणि ओठांना मुंग्या आल्या. बाकीचे दचकले, मी ओरडलो, "अरे, ही तर तिरफळं!" आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं लागतातच. सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ हे झँथोझायलम या एकाच कुळातले सख्खे चुलतभाऊ. दोन्हीकडे काळी बी टाकून देतात आणि साल वापरतात. या मिरीतलं सॅन्शूल जातीचं रसायन स्पर्शाच्या नसांना चाळवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावून तपासलं, तर ओठांना जाणवणारी थरथर ५० हर्ट्झच्या आसपास निघाली. आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी! आमच्यातला इलेक्ट्रिकलवाला त्यानंतर दहा मिनिटं बोलला नाही. गंमत अशी की आपल्याकडच्या शेजवान चटणीत ही मिरी सहसा नसतेच, तिथे लाल मिरची आणि लसणाचा कारभार.

शेवटी पार्टनरने वेटरला विचारलं, "मंच्युरियन आहे का?" नव्हतं. वेटर म्हणाला, "सर, ते चीनमध्ये नाही मिळत." खरंच आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंच्युरियन जन्माला आलं, असं सांगतात. म्हणजे गाडीवर मिळतं ती चिनी जेवणाची बिघडलेली कॉपी नाही, तो कोलकाता-मुंबईचा स्वतंत्र स्वयंपाक आहे. मिसळीला कोणी डुप्लिकेट इटालियन म्हणतं का? मग याला तरी डुप्लिकेट का म्हणायचं?

राहता राहिलं अजिनोमोटो. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं, पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच. चायनीज खाल्लं की मान अवघडते, छातीत धडधडतं, या तक्रारीची सुरुवात १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रातून झाली. नंतर कोणाला काय दिलंय ते लपवून चाचण्या केल्या, तर जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात तसा त्रास सातत्याने दिसला नाही. गाडीवर खाऊन पोट बिघडलं तर आधी पाणी आणि तेल तपासा.

बिल आलं. पार्टनरने ते आम्हाला न दाखवता भरलं. बाहेर आल्याबरोबर त्याने दादाला फोन लावला आणि फूटपाथवरच लेक्चर सुरू केलं. "दादा, तू गर्दी झाली की सहा प्लेट भात एकदम टाकतोस ना? सहापट पाणी सुटतं, बर्नरला झेपत नाही, भात चिकट होतो. इथला माणूस एका वेळी दोनच प्लेट टाकतो. आणि वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा वाढव, निम्मी आग वाऱ्यावर जाते."

पलीकडून दादाचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "आरं, दोन-दोन प्लेट टाकत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या वडापाववाल्याकडं जाईल की! दिवाळीच्या सुट्टीत ये. कढई तू धर, मी गल्ल्यावर बसतो."