हंटरवाली मुंबईची, योगिनी म्हैसूरची!

म्हैसूर म्हटलं की काय आठवतं? दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, दिव्यांनी लखलखणारा राजवाडा, चंदनाचा साबण, रेशमी साड्या आणि तुपात निथळणारा म्हैसूरपाक! चामुंडीच्या टेकडीवर जाऊन आलेल्यांना आणखी एक गोष्ट हमखास आठवते. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग धरून उभा असलेला महिषासुराचा रंगीत पुतळा. या महिषासुरावरूनच गावाला नाव पडलं, आणि त्याचा वध करणारी चामुंडेश्वरी ही गावाची देवता ठरली. म्हणजे या गावाची गोष्टच मुळी एका लढवय्या स्त्रीपासून सुरू होते.

पण गंमत पाहा! याच गावात १९३७ साली एका योगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, तेव्हा गुरुजींनी तिला आत घ्यायला साफ नकार दिला. कारण दोन. एक तर ती परदेशी होती, आणि दुसरं म्हणजे ती बाई होती.

ही बाई मुंबईच्या चित्रपटात काम केलेली नटी होती. तिचं पडद्यावरचं नाव इंद्रादेवी.

दोघी परदेशी, दोघी मुंबईच्या

इंद्रादेवींचं मूळ नाव युजिनी पीटरसन. जन्म १८९९ चा, रिगा शहरातला. आई रंगभूमीवरची अभिनेत्री. रशियात क्रांती झाली आणि या घराची वाताहत झाली. तरुण युजिनी बर्लिनला पोहोचली आणि एका रशियन नाटक मंडळीत नाचगाणी करू लागली. जे. कृष्णमूर्तींच्या भाषणानं ती भारावली आणि १९२७ साली तिनं भारताची वाट धरली. १९३० च्या ‘शेर-ए-अरब’ या मूकपटात तिला भूमिका मिळाली. भारतीय प्रेक्षकांच्या जिभेवर रुळेल असं नाव हवं होतं, म्हणून युजिनीची इंद्रादेवी झाली. त्याच वर्षी मुंबईतल्या चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीत काम करणाऱ्या यान स्त्राकाती यांच्याशी तिनं लग्न केलं आणि चित्रपट मागे पडला.

त्याच सुमारास मुंबईत आणखी एक परदेशी मुलगी धडपडत होती. मेरी इव्हान्स तिचं नाव. जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. वडील ब्रिटिश सैन्यात होते, ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. पेशावरकडे राहत असताना मेरी घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकली. पुढे मुंबईत बॅले नृत्य शिकली, काही काळ सर्कशीतही राबली. वाडिया मूव्हीटोनच्या जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी तिला हेरलं. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, दणकट बांध्याची ही मुलगी भारतीय नायिका कशी शोभायची? वाडियांनी सुचवलं, ‘नंदादेवी’ असं नाव घे आणि काळ्या वेणीचा टोप घाल. मेरीनं दोन्ही गोष्टी नाकारल्या. आपण कुणी देवी नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं!

एकीनं ‘देवी’ हे नाव घेतलं, दुसरीनं ते नाकारलं. ही दुसरी म्हणजे अर्थातच नादिया. १९३५ साली ‘हंटरवाली’ झळकला आणि मुखवटा घालून दुष्टांना चाबकानं फोडून काढणाऱ्या या राजकन्येनं प्रेक्षकांना वेड लावलं. आधी वितरक चित्रपट घ्यायला धजत नव्हते. तो तब्बल पंचवीस आठवडे चालला. पुढे ‘मिस फ्राँटियर मेल’ (१९३६), ‘डायमंड क्वीन’ (१९४०), ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) असे एकाहून एक साहसपट आले. धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी, गड्यांना खांद्यावर उचलून फेकणं, सिंहांबरोबर काम, हे सारं नादिया स्वतः करायची. डमी वगैरे भानगड नाही.

पडद्यावर टाळ्या, मैदानात दगड

मग बाईची ताकद आपल्या समाजाला मान्य झाली म्हणायची का? इथंच खरी मेख आहे.

अलीगढच्या हमीदा बानू या महिला मल्लाचं उदाहरण पाहा. १९५४ साली बडोद्याच्या कुस्तीत तिनं बाबा पहिलवान या पुरुष मल्लाला अवघ्या एक मिनिट चौतीस सेकंदांत चितपट केलं. तिची उंची, वजन, रोजचं दूध-अंडी-मटण यांच्या बातम्या वृत्तपत्रांत छापून यायच्या. पण मैदानात काय घडलं? पुण्यात एका पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती विरोधामुळे रद्द करावी लागली. कुस्तीची पंढरी असलेल्या कोल्हापुरात तर पुरुष मल्लावर मात केल्यावर तिला प्रेक्षकांची हुर्यो आणि दगड झेलावे लागले.

नादियाच्या चाबकाला शिट्ट्या आणि हमीदाच्या डावाला दगड! पडद्यावरची बलदंड बाई चालते, कारण तिची गोष्ट तीन तासांत संपते. देव्हाऱ्यातली चामुंडाही चालते. पण हाडामांसाची बाई तालमीच्या दारात येऊन ‘मला शिकवा’ म्हणाली, की कपाळाला आठ्या पडतात.

इंद्रादेवींना म्हैसुरात नेमका हाच अनुभव आला.

राजाचा शब्द

चित्रपट सोडल्यावर त्यांना छातीत दुखण्याचा त्रास सुरू झाला होता. वर्षानुवर्षं औषधं चालली, गुण येईना. अखेर योगानं आराम पडला, आणि हे शास्त्र मुळापासून शिकायचंच, असं त्यांनी ठरवलं. त्या काळी योगासनांसाठी म्हैसूरचा बोलबाला होता. महाराज कृष्णराज वाडियार (चौथे) यांच्या आश्रयानं जगनमोहन राजवाड्यात १९३३ पासून योगशाळा चालू होती. तिचे आचार्य होते तिरुमलै कृष्णम्माचार्य. विद्वान, कडक शिस्तीचे, आणि दरारा असा की विद्यार्थी समोर उभे राहायला बिचकत.

त्यांनी नकार दिला. पण इंद्रादेवींची महाराजांशी ओळख होती. महाराजांनी शब्द टाकला. ज्यांच्या आश्रयावर योगशाळा चालते, त्यांना नाही कसं म्हणायचं? आचार्यांनी नाइलाजानं होकार दिला, पण अटी अशा घातल्या की ही हौशी नटी चार दिवसांत गाशा गुंडाळेल. पहाटे उठायचं. मैदा, साखर, पांढरा भात बंद. डब्यातले पदार्थ बंद. जमिनीखाली वाढणारे कंदही बंद. इंद्रादेवींचं वय तेव्हा अडतीस होतं. या वयात शरीर वाकवणं म्हणजे काय, हे सांगायला नकोच!

त्या टिकल्या. महिने गेले तसे आचार्य निवळले, स्वतः लक्ष घालून प्राणायाम शिकवू लागले. पतीची बदली झाल्यामुळे निघायची वेळ आली, तेव्हा ‘आता तुम्ही हे शिकवायचं,’ अशी आज्ञा त्यांनीच केली. ज्यांनी दार लावून घेतलं होतं, त्यांनीच आपली विद्या या बाईच्या हाती जगात पाठवली.

याच योगशाळेची १९३८ सालची एक मूक चित्रफीत आजही पाहायला मिळते. तीत आचार्य आहेत, त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार आहेत, आणि सफाईनं आसनं करणाऱ्या आचार्यांच्या पत्नी नामगिरीअम्मा आणि लहान मुलीही आहेत. नामगिरीअम्मा या अय्यंगारांच्या सख्ख्या बहीण. म्हणजे घरातल्या बायका हे शिकत होत्याच, अडसर होता तो बाहेरच्या दाराला! अय्यंगारांना तर गुरुजींबरोबर धारवाडच्या बाजूला दौऱ्यावर असताना बायकांना शिकवायचं काम मिळालं, ते केवळ शिष्यांत सर्वांत लहान म्हणून. हाच मुलगा १९३७ मध्ये पुण्यात आला आणि पुणेकरच झाला. त्यांची कन्या गीता अय्यंगार यांनी पुढे स्त्रियांसाठीच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहिलं आणि पुण्यात असंख्य बायकांना शिकवलं.

म्हैसूर ते हॉलिवूड

इंद्रादेवींनी १९३९ साली शांघायमध्ये वर्ग सुरू केले, तेही मादाम च्यांग कै-शेक यांच्या बंगल्यात. पतीच्या निधनानंतर १९४७ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावर त्यांनी योगवर्ग थाटला. ग्रेटा गार्बो, जेनिफर जोन्स, ग्लोरिया स्वान्सन अशा बड्या बड्या तारका त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. स्वान्सन तर बरोबर त्यांच्याच वयाची. रस्त्याचंच नाव असलेल्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) या चित्रपटात तिनं पन्नाशीत जी भूमिका केली, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. एका विसरल्या गेलेल्या मूकपटातली नटी आता जगप्रसिद्ध तारकांना शरीर कसं सांभाळायचं ते शिकवत होती!

आपल्याकडच्या पडद्यावरही हळूहळू फरक पडला. १९८९ साली दूरदर्शनवरच्या ‘उडान’मध्ये कविता चौधरींची कल्याणी पोलीस अधिकारी होण्यासाठी घाम गाळताना दिसली, आणि घरोघरच्या मुलींना खाकी वर्दीची स्वप्नं पडू लागली. १९९० च्या ‘कर्तव्यम्’ या तेलुगू चित्रपटातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी विजयाशांतीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नड पडद्यावर मालाश्रीनं खलनायकांना लोळवायला सुरुवात केली. २०१६ च्या ‘दंगल’साठी फातिमा सना शेख आणि सान्या मल्होत्रा यांनी केस कापून महिनोन्‌महिने कुस्तीचे धडे गिरवले. नादियाच्या वेळी प्रेक्षकांना नायिकेची ताकद आयती दिसायची. ‘दंगल’मध्ये ती कशी कमवावी लागते, तेही दिसलं. आखाड्यात मुलींना घ्यायचं की नाही, हा जुना प्रश्नच त्या चित्रपटाच्या कथेचा गाभा झाला.

नादियानं १९६१ साली होमी वाडियांशी लग्न केलं आणि १९९६ मध्ये मुंबईत जगाचा निरोप घेतला. इंद्रादेवी २००२ साली अर्जेंटिनात वारल्या. तेव्हा त्यांचं वय होतं एकशे दोन वर्षं!

आणि म्हैसूर? जिथं एका बाईला दारातून परत पाठवू पाहिलं होतं, त्या गावात आज देशोदेशीच्या बायका काखेत चटई मारून पहाटे योगवर्गाला निघालेल्या दिसतात. दसऱ्याच्या कुस्त्यांमध्ये मुलींच्याही लढती रंगतात, आणि बघायला आलेली माणसं त्यांनाही टाळ्या देतात.

टीव्हीवर एखादी नायिका गुंडांना लोळवते, तेव्हा आपण सारेच खूश होतो. पण उद्या आपलीच लेक ‘मला तालमीत जायचंय’ म्हणाली तर? महाराजांचा शब्द काही तिच्या मदतीला यायचा नाही. तिथं आई-बाबांनाच शब्द टाकावा लागेल.