हात आणि पात्यामध्ये वीतभर अंतर ठेवा! गावागावांत लाकूड कापायच्या मशीन वाढल्या, पण बोटं कशी वाचवायची?

खडकी (पुणे) : मागच्या आठवड्यात टोमॅटोची गाडी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खाली केली आणि परत निघायच्या आधी खडकीला पुतण्याला भेटायला गेलो. तो तिथं एका लहानशा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. वय चोवीस. त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नाही.

ते बोट खडकीत गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावात, घरामागच्या शेडमध्ये गेलं. चार इंची कटर उलटा करून प्लायवूडला खालून बोल्ट मारले होते, पातं वर काढलं होतं. खिडकीच्या चौकटीसाठी पट्टी फाडत होता. शेवटचं चार बोटं लाकूड राहिलं आणि तेवढ्यात गाठ आली. पुढचं त्यालाही नीट आठवत नाही.

खडकीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी त्याला कामावर घेतलं, पण पहिले आठ दिवस मशीनला हात लावू दिला नाही. हातात एक काठी दिली आणि म्हणाले, "बाळा, आधी ही धरायला शीक. करवत नंतर."

खडकी म्हटलं की आपल्याला लष्कर आठवतं. 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना इथलाच. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी 1917 साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीला आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही इथंच आहे. हातपाय गमावलेल्या जवानांना तिथं नवीन काम शिकवतात. त्यांचे हातपाय लढाईत गेले. आपल्या पोरांची बोटं मात्र बिनालढाईची, पट्टी फाडताना जातात. म्हणून मिस्त्रींकडून जे समजलं आणि घरच्या अनुभवातून जे शिकलो, ते आज सविस्तर लिहितोय.

मशीन आता घराघरात

पूर्वी लाकूड फाडायला सॉ मिलवर न्यावं लागायचं. आता तसं राहिलं नाही. पाच-सहा हजारात हातातला कटर मिळतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 धंदे आहेत, त्यात सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यामुळे खेड, जुन्नर, शिरूर, पुरंदर कुठंही जा, सुताराच्या शेडमध्ये रंध्याचं मशीन आणि त्यालाच बाजूला जोडलेलं करवतीचं पातं दिसतं. शेतकरीसुद्धा गोठ्याचं, दाराचं काम घरीच करतात. चांगलंच आहे. पण मशीन दुकानातून येतं, शिकवणारा सोबत येत नाही.

आधी वेग समजून घ्या

दहा इंची पातं साध्या मोटरवर मिनिटाला 2,880 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 48. हिशोब केला तर पात्याची कड ताशी साधारण 138 किलोमीटरनं पळते. पात्याला 40 दात असतील तर एका सेकंदात 1,900 पेक्षा जास्त दात एका जागेवरून जातात.

चटका बसला की आपण हात मागे ओढतो, त्यालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात 480 दात गेलेले असतात. म्हणून "माझा हात लई चपळ आहे, मी ओढून घेईन" हे डोक्यातून काढून टाका. इथं चपळाई कामाला येत नाही, फक्त अंतर कामाला येतं.

लाकूड मागे का फेकलं जातं?

बऱ्याच जणांना वाटतं की माणूस बेसावध होता म्हणून हात गेला. कधी कधी तसं असतं. पण पुष्कळदा आधी लाकूड उडतं आणि मग हात जातो.

टेबलावरच्या करवतीत आपल्या बाजूचे दात वरून खाली येतात, ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडच्या बाजूचे दात खालून वर जातात. लाकूड वाकडं झालं, ओलं असलं, फाडताना चीर मिटली किंवा गाठ आली, की लाकूड त्या मागच्या दातांना चिकटतं. ते दात त्याला उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. लाकूड हाताखालून गेलं की रेटा देणारा हात रिकाम्या पात्यावर जातो. बाभळीचं ओलं लाकूड आणि जुन्या घराचे खिळे असलेले वासे यात हा धोका जास्त.

यावर उपाय आहेत आणि बहुतेक फुकटात आहेत :

- पात्याच्या मागे एक पातळ उभी लोखंडी पट्टी असते. ती चीर उघडी ठेवते. "मध्ये येते" म्हणून आपले लोक ती पहिल्या दिवशीच काढून टाकतात. काढू नका.
- पात्यावरचं झाकण म्हणजे गार्ड. तोही काढू नका. हातातल्या कटरचा खालचा गार्ड तारेनं वर बांधून ठेवायची सवय तर फारच वाईट.
- पातं लाकडाच्या वर साधारण पाव इंच दिसेल एवढंच ठेवा. जास्त वर काढलं तर तेवढं जास्त पातं उघडं.
- पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका. थोडं बाजूला उभे राहा, म्हणजे लाकूड उडालं तरी पोटात बसणार नाही.
- गाईड आणि पातं अगदी समांतर हवं. नुसत्या हातानं, गाईडशिवाय कधीच फाडू नका.
- पातं बोथट झालं की लगेच धार लावा. बोथट पात्याला रेटा जास्त द्यावा लागतो आणि रेटा दिला की हात घसरतो.
- जुन्या लाकडातले खिळे आधी उपटा.

मिस्त्रींची काठी

ही काठी म्हणजे फूटभर लाकडाची पट्टी, पुढच्या टोकाला खाच केलेली. खाच लाकडाच्या मागच्या कडेला बसते आणि तिनं लाकूड पुढे ढकलायचं. मिस्त्रींचा नियम सोपा आहे. हात आणि पातं यांच्यात एक वीत अंतर राहिलं, की हात मागे आणि काठी पुढे. काठी कापली गेली तर दुसरी करता येते.

त्यांच्या मशीनला ती काठी खिळ्याला टांगलेली असते. शोधावी लागली तर माणूस "एवढंच तर राहिलंय" म्हणून हातानं ढकलतो. पुतण्याचं बोट त्या "एवढंच"मध्येच गेलं.

उलटा कटर आणि ग्राइंडरला लाकडाचं पातं : हे दोन जुगाड बंद करा

फरशीचा चार इंची कटर मिनिटाला साधारण 12 हजार फेरे घेतो. तो उलटा करून प्लायखाली बसवला की त्याला गार्ड राहत नाही, मागची पट्टी राहत नाही आणि बटण लॉक करून ठेवावं लागतं. काही झालं तर बंद करायला प्लायखाली हात घालायचा. थरथरीनं बोल्ट ढिले होतात ते वेगळंच.

ग्राइंडरला दातेरी लाकडाचं पातं लावणं याहून वाईट. ग्राइंडर घासायला केलेला आहे. लाकडात पातं अडकलं की तो हातातून उसळतो आणि मांडीवर नाहीतर तोंडाकडे येतो. प्रत्येक पात्यावर जास्तीत जास्त फेरे किती, ते छापलेलं असतं. मशीनचे फेरे त्यापेक्षा जास्त असतील तर ते पातं लावूच नका.

लाईट गेली आणि परत आली तर?

हे शेतकऱ्यांना लगेच कळेल. आपल्या विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर असतो. लाईट गेली की त्यातली नो व्होल्ट कॉइल सुटते आणि लाईट आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही. म्हणून तर आपण रात्रीच्या लाईटसाठी ऑटो लावतो.

करवतीला स्टार्टर हवाच, ऑटो मात्र कधीच नको. साध्या बटणावर चालणारी करवत लाईट गेल्यावर गप्प होते, आपण पातं साफ करायला हात घालतो आणि तेवढ्यात लाईट येते. लाईट गेली की आधी बटण बंद करा, मगच जागेवरून हला. पातं बदलताना नुसतं बटण नाही, पिनच काढून ठेवा.

व्होल्टेज कमी असेल तर काम थांबवा. पातं मंद होतं, लाकडात अडकतं आणि मोटर तापते. खाली भुसा साचलेला असेल तर आग लागायला वेळ लागत नाही, म्हणून भुसा रोज झाडा आणि शेडमध्ये बिडी-सिगारेट बंद ठेवा. अर्थिंग नीट हवं आणि बोर्डात 30 मिलीॲम्पियरची आरसीसीबी बसवून घ्या. बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर मोठी मशीन चालवू नका.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यावर चष्मा, कानाला बोळे, नाकाला मास्क. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं हे कॅन्सरचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे.

करवत चालवताना हातमोजे मात्र घालू नका. दाताला धागा लागला की मोजा हातासकट ओढला जातो. मनगटातला गंडा, कडं, अंगठी, गळ्यातलं उपरणं, लांब बाही, ओढणी हे सगळं आधी काढा. दारू पिऊन किंवा झोप अनावर झालेली असताना मशीनजवळ जाऊ नका. अठराच्या आतल्या पोरांना "जरा पट्टी धर" म्हणून बोलावू नका.

आणि तरीही बोट तुटलं तर?

इथं मला माझी चूक सांगायची आहे. पुतण्याचं बोट तुटलं तेव्हा ते तुकड्यासकट दवाखान्यात न्यायचं, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तो तुकडा स्टीलच्या डब्यात घातला आणि वरून बर्फ भरला. डॉक्टरांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, "तुकडा बर्फाला लागून गोठलाय, आता जोडता येणार नाही." डबा माझ्याच हातात होता. म्हणून हे नीट वाचा :

1. आधी मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. कापड सारखं काढून बघू नका.
2. हळद, चुना, कॉफी, चहापत्ती काहीही भरू नका. हातातली अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही.
3. तुटलेला तुकडा शोधा. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, चोळू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा.
4. ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. तुकड्याला बर्फ थेट लागता कामा नये. तुकडा नुसत्या पाण्यात किंवा दुधात बुडवूनही ठेवू नका.
5. 108 ला फोन करा. निघतानाच मोठ्या दवाखान्यात फोन करून विचारा की तुटलेलं बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन आहेत का. तीन दवाखाने फिरण्यात वेळ जातो. जेवढं लवकर, सहा तासांच्या आत पोचाल, तेवढं चांगलं.
6. जखमी माणसाला खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

बोटाची किंमत किती?

2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचे टक्के लिहिलेले होते, म्हणजे कमाईची ताकद किती घटली ते. पूर्ण अंगठा 30 टक्के, अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट 14 टक्के, त्याचं एक पेर 9 टक्के, एका हाताची चारही बोटं 50 टक्के. दुसऱ्याकडे कामाला असाल आणि अपघात झाला, तर त्याच दिवशी लेखी नोंद करायला लावा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पण स्वतःच्या शेडमध्ये स्वतःच काम करणाऱ्याला भरपाई कोण देणार? वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून जरूर घ्या. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख मिळतात. मात्र नुसतं बोट गेलं तर त्यात काही बसत नाही. पुतण्याला एक रुपया मिळाला नाही, आणि हंगामाचं तीन महिन्यांचं काम गेलं.

निघताना मिस्त्रींनी मला खाच केलेली एक काठी दिली. गावी येऊन तिच्या मापानं मी आणखी चार केल्या आणि आमच्या वाडीतल्या चारही शेडांत खिळा ठोकून मशीनशेजारी टांगल्या. तुम्हीही आज एक करा. अर्धा तास लागतो, लाकूड भंगारातलं चालतं. आणि ही माहिती तुमच्या गावच्या ग्रुपवर, खास करून सुतारकाम आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या पोरांना, नक्की पाठवा.