गाडीखालचे लाकडी आधार : उचलणे आणि पेलणे

अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या किनाऱ्यावर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत कोळी बांधवांच्या नौका वर ओढून ठेवलेल्या दिसतात. तळाखाली ओंडके आणि दोन्ही कुशींना लाकडी टेकू, एवढ्या आधारावर नौका उभी असते आणि तिच्या पोटाखाली माणसे डागडुजी करतात. सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले आगाशी आपल्या राजोडीच्या शेजारीच आहे. तेव्हा जड वस्तू लाकडावर पेलण्याची विद्या या भागाला नवी नाही. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र तिचा आपल्याला विसर पडतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज रिक्षा, टेम्पो वा मोटार चालवून किंवा दुरुस्त करून संसार करीत आहेत. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरण्याची सवय त्यांच्यापैकी काहींना असेल. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. त्याचा तळ अरुंद असतो. द्रवदाबाच्या जॅकमधील रबरी वायसर गळू लागला तर गाडी खाली बसते, आणि स्क्रूचा जॅक गाडी थोडी सरकली तरी कलंडतो. वीट किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा हाही आधार नव्हे, कारण तो पूर्वसूचना न देता फुटतो. लाकूड आधी दबते, करकरते आणि माणसाला सावध करते.

लाकूड एवढे वजन सोसेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. लहान मोटार 800 ते 900 किलोची धरली, तर इंजिनाकडील एका कोपऱ्यावर सुमारे 275 किलो भार येतो. 10 सेंटीमीटर लांब-रुंद ठोकळ्यावर तो दर चौरस सेंटीमीटरला पावणेतीन किलो पडतो. निकोप सागवान याच्या कित्येक पट दाब सोसते. म्हणजे खरा धोका लाकूड चिरडण्याचा नसून आधार कलंडण्याचा, घसरण्याचा आणि जमिनीत रुतण्याचा आहे.

ठोकळ्यांची रचना या तीन धोक्यांवरूनच ठरते. साधारण 30 सेंटीमीटर लांबीचे, सारख्या जाडीचे, चौकोनी तुकडे घ्यावेत. एक थर उभा, त्यावरचा आडवा, अशी चौकट रचावी आणि सर्वांत वर सपाट जाड फळी ठेवावी. रचनेची उंची तळाच्या रुंदीपेक्षा अधिक नसावी. गाठी, चिरा, वाळवी किंवा तेलाचा ओशटपणा असलेले लाकूड वापरू नये. खोक्यांचे हलके लाकूडही टाळावे. आपल्याकडील जमीन रेताड, म्हणून तळाशी 30 सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळी घालावी. तोच भार नऊपट क्षेत्रावर पसरतो आणि आधार रुतण्याचा धोका कमी होतो. तरीही फरसबंदी जागा मिळाल्यास तीच निवडावी.

गाडी उचलण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावाव्यात. बहुतेक मोटारींचा हातब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जात असेल, तर पुढची बाजू उचलल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही अडत नाही. पाचर मात्र दोन्ही वेळी काम करते.

एका वेळी एकच बाजू उचलावी. माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या मजबूत जागेखालीच ठोकळे सरकवावेत आणि जॅक सावकाश उतरवून सारा भार लाकडावर येऊ द्यावा. नंतर जॅक नुसता टेकवून ठेवावा. काढलेले चाकही गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. मग बाहेर उभे राहूनच गाडीला हाताने धक्का द्यावा. ती डगमगली, तर रचना पुन्हा करावी. काम चालू असताना जवळ दुसरा माणूस असावा. ठरावीक वजनाचे प्रमाणित लोखंडी स्टँड घेणे शक्य असल्यास तेच अधिक चांगले.

1948 च्या कारखाना कायद्याने यंत्रांपासून कामगाराच्या संरक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली. पण ठरावीक कामगारसंख्येखालील कामाच्या जागा त्या कायद्याच्या व्याख्येत आल्या नाहीत. रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या गॅरेजात वयाने लहान असलेला मदतनीसच बहुधा गाडीखाली जातो. त्याच्या अंगावर आणि गाडीमध्ये उस्तादाची सवय हेच काय ते संरक्षण असते. म्हणून जे उस्ताद झाले आहेत त्यांनी हे ठोकळे स्वतः करून गॅरेजात ठेवावेत, आणि जे शिकाऊ आहेत त्यांनी गाडीखाली जाण्यापूर्वी न संकोचता एकच प्रश्न विचारावा : आत्ता जॅक निसटला, तर ही गाडी कशावर थांबेल?