वनातील क्षेत्रकार्य आणि डंख मारणारे कीटक

सांताक्रूझच्या विद्यानगरीतून क्षेत्रकार्यासाठी निघणाऱ्या विद्यार्थ्यास अरण्य गाठण्याकरिता फार दूर जावे लागत नाही. आरे येथील झाडी, पवई तलावाचा काठ आणि त्यापलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही सर्व महानगरास लागूनच आहेत. वनस्पतींचे नमुने गोळा करणे असो, मातीची वा पाण्याची तपासणी असो, पक्ष्यांची गणना असो किंवा कान्हेरीच्या लेण्यांचा अभ्यास असो, अशा कार्यासाठी वनात शिरणाऱ्याच्या मनात भय असते ते बिबट्याचे आणि सापाचे. वस्तुतः हे दोन्ही प्राणी माणसाची चाहूल लागताच बहुधा दूर होतात. मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांचे तसे नाही. त्यांचे घर जागचे हलत नाही. म्हणून त्याही हलत नाहीत, उलट घराच्या रक्षणासाठी पुढे येतात. त्यांचा विचार मात्र पहिला डंख बसल्यावर सुरू होतो. या कीटकांपासूनचा धोका नेमका कशात आहे, तो कसा टाळावा आणि डंख झालाच तर कोणता उपचार शास्त्रास धरून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नांगीचे कार्य

मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या हे सर्व कीटक हायमेनॉप्टेरा या एकाच गणातील होत. त्यांची नांगी म्हणजे मूळच्या अंडी घालण्याच्या अवयवाचेच रूपांतर आहे. म्हणून डंख मारण्याची शक्ती केवळ मादीस असते, नरास नसते. चिखलाची घरटी बांधणारी कुंभारीण माशी एकाकी राहते. ती नांगीचा उपयोग भक्ष्यास लुळे करण्यासाठी करते आणि माणसाच्या वाटेस क्वचितच जाते. याउलट, समूहाने राहणाऱ्या जातींमध्ये घरट्यात अंडी, अळ्या व अन्नाचा साठा एकत्र असतो. त्यावर टपलेले शत्रूही अनेक असतात. अशा जातींत नांगी हे प्रामुख्याने संरक्षणाचे शस्त्र झाले आहे. फुलावर बसलेली मधमाशी दाबली गेल्यावाचून सहसा डंख मारीत नाही. तीच माशी पोळ्याजवळ मात्र नुसत्या हालचालीनेही चवताळते. यावरून क्षेत्रकार्याचा पहिला नियम निघतो. माशी कोठे दिसते यापेक्षा तिचे घरटे कोठे आहे, हे शोधणे महत्त्वाचे होय.

घरट्यांची ओळख

आपल्याकडील मधमाश्यांच्या प्रमुख जातींपैकी सातेरी ही झाडाच्या ढोलीत वा कपारीत समांतर पोळी बांधते. फुलोरी ही आकाराने लहान असून झुडुपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे करते. या दोन्ही जाती तुलनेने सौम्य आहेत. खरे भय आहे ते आगी माशीचे. कड्याच्या छपरीखाली, उंच वृक्षाच्या आडव्या फांदीस आणि शहरात पाण्याच्या टाक्यांस व उंच इमारतींच्या सज्जांस तिचे एकच मोठे, उघडे पोळे लोंबत असते. त्यालाच आग्या मोहोळ म्हणतात. पोळ्याची रुंदी कधीकधी मीटरभर वा त्याहूनही अधिक असते आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा पसरलेला असतो. ही जात ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. म्हणून गेल्या वर्षी मोकळा असलेला कडा यंदाही मोकळाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. अजिंठा येथील लेण्यांचा परिसर, शिवनेरीसारखे किल्ले अशा ठिकाणी पर्यटकांवर माश्यांनी हल्ले केल्याची वृत्ते वारंवार येतात. त्यांमागे बहुधा हीच जात असते.

आग्या मोहोळाच्या पृष्ठभागावर मधूनमधून लाट उमटल्यासारखी दिसते. शेकडो माश्या क्रमाने पोटाचा भाग वर उचलतात आणि क्षणार्धात ही लाट पोळ्यावरून सरकत जाते. कास्टबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या लाटांमुळे भक्ष्याच्या शोधात आलेल्या मोठ्या गांधीलमाश्या परतवल्या जातात, असे दाखविले आहे. क्षेत्रकार्य करणाऱ्याने ही लाट म्हणजे एक इशाराच मानावा. मोहोळाने कसली तरी हालचाल टिपली आहे, एवढे त्यावरून समजते.

गांधीलमाश्यांची गोष्ट निराळी आहे. रोपालिडिया मार्जिनाटा ही लहान गांधीलमाशी झुडुपात वा कपारीत कागदासारख्या द्रव्याचे उघडे घरटे बांधते. त्यात बहुधा काही डझन माश्याच असतात. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी या जातीच्या समाजजीवनाचा प्रदीर्घ अभ्यास केला असून त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासात एकेका माशीस रंगाचे ठिपके लावून घरट्याचे जवळून तासन्‌तास निरीक्षण करण्यात आले. गवत कापणाऱ्यास जी माशी डंख मारते, तीच संथपणे वावरणाऱ्या निरीक्षकास जवळ बसू देते. तेव्हा केवळ जवळ जाण्याने माशी डिवचली जात नाही. धक्का, कंप व आकस्मिक हालचाल ही तिला डिवचतात. काळ्या पोटावर नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या गांधीलमाशीविषयी मात्र असा विश्वास धरू नये. तिचा डंख अधिक वेदनादायक असतो आणि तिचे घरटे ढोलीत वा जमिनीतील पोकळीतही असू शकते.

मुंग्यांपैकी ओंबील, म्हणजे पाने शिवून घरटे करणारी लाल मुंगी, डंख मारीत नाही. ती चावते आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडते. झाडावरच राहणाऱ्या इतर काही मुंग्या मात्र खरोखर डंख मारतात. या भागातील अशा कीटकांची शास्त्रीय नोंद ठेवण्याचे प्रारंभीचे कार्य वनात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीच केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लेखन केले. पुढे बिंगहॅम यांचे गांधीलमाश्या, मधमाश्या व मुंग्या यांवरील दोन खंड १८९७ व १९०३ मध्ये निघाले.

एका डंखाचे अनेक डंख कसे होतात

मधमाशीच्या नांगीस उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत रुतलेली नांगी माशीस परत ओढता येत नाही; ती विषाच्या पिशवीसह तुटून मागे राहते आणि माशी मरते. तुटलेल्या नांगीजवळून एक उडून जाणारे द्रव्य बाहेर पडते. बॉश, शिअरर व स्टोन यांनी १९६२ मध्ये मधमाशीच्या नांगीतील या द्रव्याचा एक प्रमुख घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट असल्याचे दाखविले. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. हा गंध म्हणजे इतर माश्यांना दिलेली हाकच होय. ज्या जागी पहिला डंख बसला, त्याच जागी पुढचे डंख बसू लागतात. अंगावरची माशी चिरडली तरीही हाच गंध पसरतो. गांधीलमाशीची नांगी मागे राहत नाही; म्हणून एकच माशी अनेकदा डंख मारू शकते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हल्ल्याचे कारण हल्ला सोसणाऱ्यानेच निर्माण केलेले असते असे नाही. मोहोळघार हा पक्षी पोळ्यावर झडप घालतो, कोणी दूरवर धूर करतो, कोणी दगड भिरकावतो. आणि उठलेल्या माश्या खाली शांतपणे मोजणी करीत असलेल्या माणसावर तुटून पडतात. म्हणून आपण मोहोळास छेडणार नाही, एवढा निश्चय पुरेसा नाही. मोहोळापासून दूर राहणे, हीच खरी दक्षता होय.

पूर्वतयारी

कामाची जागा ठरल्यावर प्रथम दुरून पाहणी करावी. दुर्बिणीने कड्याच्या छपऱ्या व उंच फांद्या न्याहाळाव्यात. माश्यांची एकाच दिशेने ये-जा दिसल्यास ती कोठे संपते ते पाहावे. पाड्यांवरील रहिवासी व वनरक्षक यांना मोहोळांची स्थाने ठाऊक असतात. त्यांस विचारणे हा पाहणीचाच भाग समजावा. पावसाळ्यानंतर गवत व झुडुपे दाट वाढलेली असताना हात घालण्यापूर्वी लांब काठीने फांदी हळूच हलवून क्षणभर थांबावे. एखादी माशी बाहेर येऊन घिरट्या घालू लागली, तर तेथून मागे फिरावे.

वस्त्रे फिकट रंगाची, अंगभर व गुळगुळीत असावीत. गडद, केसाळ व हलणाऱ्या वस्तूंवर मधमाश्या अधिक त्वेषाने हल्ला करतात. माणसाचे डोके, डोळे व श्वास सोडणारे तोंड हीच त्यांची लक्ष्ये होतात. उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. तोंडावरून ओढता येईल असे जाळीचे वस्त्र झोळीत ठेवल्यास त्याचे ओझे होत नाही. पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर परिसरातील मधुपालन यांच्या परंपरेतून जाळी, धुरांडे व संथ हालचाल यांचे तंत्र महाराष्ट्रास परिचित आहे. तथापि धूर हे प्रशिक्षित माणसाचे साधन आहे. अननुभवी हातांनी आग्या मोहोळाखाली केलेला धूर हेच अनेकदा संकटाचे मूळ ठरते.

हल्ला झाल्यास

एकदोन माश्या भोवती फिरत असतील तर हात न झाडता सावकाश मागे सरावे. परंतु डंखांचा मारा सुरू झाल्यावर स्थिर राहणे घातक ठरते. अशा वेळी चेहरा व विशेषतः डोळे कापडाने झाकून, वाट दिसेल एवढीच फट ठेवून, सरळ पळत सुटावे आणि बंद वाहन वा घर गाठावे. आगी माशी शेकडो मीटर पाठलाग करते. म्हणून थोडे अंतर जाऊन थांबण्यात अर्थ नाही. पाण्यात उडी घेणे हा उपाय नव्हे. माश्या वर घिरट्या घालीत राहतात आणि श्वासासाठी डोके बाहेर काढावेच लागते. कड्याच्या माथ्यावर मात्र धावण्यापूर्वी वाट पाहणे आवश्यक आहे, कारण अशा प्रसंगी पडूनही प्राण जातात.

पहिले मिनिट

मागे राहिलेल्या नांगीचे स्नायू विष आत ढकलीत राहतात. शूमाखर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार पिशवीतील सुमारे नऊदशांश विष पहिल्या वीस सेकंदांतच शरीरात जाते आणि मिनिटभरात ती क्रिया पूर्ण होते. नांगी चिमटीत धरू नये, सुरीच्या पात्याने खरवडून काढावी, अशी शिकवण दीर्घकाळ दिली जात होती. व्हिशर, व्हेटर व कॅमझाइन यांनी १९९६ मध्ये ही शिकवण तपासली, तेव्हा नांगी कशी काढली याने फरक पडत नाही, ती किती लवकर काढली याने पडतो, असे दिसून आले. सुरी शोधण्यात गेलेले दहा सेकंद हाच खरा तोटा. अर्थात, माश्या अंगावर असेपर्यंत प्रथम पळावे, नांग्या नंतर काढाव्यात.

डंखावर चुना लावणे, लोखंड घासणे, कांद्याचा रस चोळणे हे उपचार घरोघरी प्रचलित आहेत. विष आम्लधर्मी असल्याने चुन्याने ते निष्प्रभ होते, अशी समजूत त्यांमागे आहे. पण मधमाशीच्या विषाचा परिणाम आम्लामुळे होत नाही. त्यातील सुमारे निम्मा भाग मेलिटिन या पेप्टाइडचा असून त्याच्या जोडीस पेशींची आवरणे फोडणारी विकरे असतात. हे द्रव्य कातडीखाली गेलेले असते. वर लावलेला चुना तेथे पोहोचत नाही, कातडी मात्र पोळू शकते. साबणपाण्याने धुणे, थंड पाण्याची पट्टी ठेवणे आणि सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढणे, एवढे साध्या डंखास पुरते.

ज्यास एक डंखही पुरेसा ठरतो

बहुतेकांच्या बाबतीत डंखाचा परिणाम त्या जागेपुरताच राहतो. थोड्या व्यक्तींच्या शरीरात मात्र पूर्वीच्या डंखामुळे विषाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि पुढच्या डंखास सर्व शरीर एकाच वेळी प्रतिसाद देते. पोर्तिए व रिशे यांनी १९०२ मध्ये, विषाची पहिली मात्रा सोसलेले कुत्रे काही आठवड्यांनंतर दिलेल्या अल्प मात्रेने मरतात, असे पाहिले आणि या प्रतिक्रियेस ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. त्या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डंखाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, वांती होणे, भोवळ येणे ही तिची लक्षणे असून ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत प्रकट होतात. यावर पहिला उपचार एकच आहे. प्रौढास अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचावयाचे आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा द्यावयाचे. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या याची जागा घेऊ शकत नाहीत. त्या गांधी शमवितात, कोसळणारा रक्तदाब सावरीत नाहीत. रोग्यास आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप लागत असल्यास टेकून बसवावे. त्यास एकाएकी उभे करू नये वा चालवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲनाफिलॅक्सिस नसले तरी ज्यास फार मोठ्या संख्येने डंख झाले आहेत, त्यासही रुग्णालयात न्यावे. कारण स्नायूंचा ऱ्हास व मूत्रपिंडांची हानी यांची चिन्हे एकदोन दिवसांनीही दिसू शकतात.

वनात मोबाइलचा संपर्क मिळेलच असे नाही आणि रस्ता जवळ असेलच असेही नाही. त्यामुळे ॲड्रेनॅलिन बरोबर असावे की नाही आणि ते कोणी टोचावे, याचा निर्णय वैद्यकीय सल्ल्याने निघण्यापूर्वीच झाला पाहिजे. त्यासाठी कोणास पूर्वी अशी प्रतिक्रिया आली होती, हे तुकडीच्या प्रमुखास ठाऊक असणे अगत्याचे आहे. क्षेत्रकार्यातून वगळले जाऊ या भीतीने विद्यार्थी ही गोष्ट सांगत नाहीत. तेव्हा ती विचारताना, तिच्यामुळे कोणाचीही संधी जाणार नाही, केवळ तयारी वाढेल, असे आश्वासन देणे हे प्रमुखाचे कर्तव्य ठरते. क्षेत्रवहीच्या पहिल्या पानावर ठिकाण, हवामान व दिनांक यांची नोंद होतच असते. त्याखाली जवळच्या मोहोळांची स्थाने, परतीची वाट, सर्वांत जवळचे रुग्णालय आणि ॲड्रेनॅलिन कोणाच्या झोळीत आहे, या चार ओळी लिहिल्या, तर या विषयातील बहुतेक ज्ञान योग्य वेळी हाताशी राहील.