मामांच्या बांधावरचा पहारेकरी

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यात वाघ आला. वाचकहो, ही बातमी चंद्रपूरकरांना सांगितली तर ते जांभई देतील. पण धाराशिवकराने वाघ पाहायचा तो पुण्याला गेल्यावर कात्रजच्या बागेत! येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्याने त्याला टिपले आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याचे गावही निघाले. स्वारी यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरची. चारशेहून अधिक किलोमीटर चालत आलेली! माणसाच्या बोटाच्या ठशांप्रमाणे एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, म्हणून हे कळले.

वाघ आला आणि आमच्या मामांची झोप गेली. त्यांचे शेत येडशीपासून दोन कोसांवर. जानेवारीत एका रात्री त्यांचे करडू नाहीसे झाले. बांधापलीकडे थोडे रक्त आणि केस, एवढेच सापडले. शेताला वीज रात्रीची, आणि सालगडी तर अंधारात पाणी द्यायला जाईना; हरभरा सुकू लागला. शेजारच्या वस्तीवरचे एक गृहस्थ मेलेल्या जनावरात विष घालून ठेवण्याच्या गोष्टी बोलू लागले. अशा वेळी मामांना माझी आठवण झाली.

"मास्तर, तुम्ही कॉलेजात शिकवता. तो आपोआप फोटो काढणारा डबा मिळतो म्हणं, तेवढा आणा. वाघानं नेलं असंल तर सरकार पैसे देतं, पण पुरावा पायजे की!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. यंत्र घ्यायचे म्हणजे खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहायचा, एवढीच माझी अक्कल. आठेचाळीस मेगापिक्सेलचा एक कॅमेरा अगदी स्वस्तात मिळाला. तो मोठ्या ऐटीत बाभळीला बांधून आलो. आठवड्याने कार्ड काढून पाहतो तो अकराशेच्या वर छायाचित्रे! सौभाग्यवती, मुले, सारे घर संगणकापुढे जमले. पण त्यांत होती काय, तर ज्वारीची पाने. वाऱ्याने हलणारी पाने, उन्हात चमकणारी पाने. एका चित्रात मात्र कोणाचे तरी शेपूट होते. कोणाचे, यावर घरात दोन तट पडले.

शेवटी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना शरण गेलो. ते आधी पोटभर हसले, मग सांगू लागले. या डब्याला दिसत काही नाही. त्याला उष्णता जाणवते. भोवतालापेक्षा गरम असे काही त्याच्यासमोरून सरकले की तो जागा होतो आणि चित्र घेतो. उन्हाने तापलेले पान हलले तरी तो फसतो. आणि आपल्याकडे वैशाखात हवाच जनावराच्या अंगाइतकी तापते, तेव्हा भर दुपारी समोरून बैल गेला तरी तो झोपलेला असतो! तो जागा व्हायला किती वेळ लावतो, हे पाहायचे. अर्ध्या सेकंदाच्या आत लागला तर ठीक. एक-दीड सेकंद लागला की जनावर निघून जाते आणि आपल्या वाट्याला शेपूट येते. मेगापिक्सेलचे म्हणाल तर स्वस्त यंत्रातला मूळ आकडा बराच लहान असतो, बाकीचा गणिताने फुगवलेला. (आमच्यातही असे विद्वान आहेत, पण ते असो.)

रात्रीच्या दिव्यांचेही दोन प्रकार निघाले. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांचा उजेड लांबवर पोचतो, पण त्यांची मंद लाल ठिणगी दिसते, जनावरालाही आणि चोरालाही. ९४० चे दिवे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. मात्र त्यांचा पल्ला कमी. मामांच्या बांधावर पंधरा पावलांपलीकडचे पाहायचे नव्हते आणि चोरीचे भय मोठे, म्हणून मी ९४० चा घेतला. सिमकार्डाचा कॅमेरा मोबाईलवर लगेच चित्र पाठवतो खरा. पण त्याला दरमहा पैसे भरावे लागतात आणि घाटाच्या कडेला रेंज येईल तेव्हा खरी. तो विचार सोडला. सेल आठ लागतात. पुन्हा भरता येणारे सेल दीड व्होल्टाऐवजी सव्वा व्होल्टाच्या आतबाहेर असतात, तेव्हा तेवढ्यावर कॅमेरा नीट चालतो का, हे दुकानदाराला आधीच विचारावे. एवढे सारे पाहून नवा कॅमेरा आठ हजारांना पडला. वर्षाची वॉरंटी आणि दुरुस्तीचा पुण्यातला पत्ता, या दोन गोष्टींसाठी मी हजार रुपये जास्त मोजले. लोखंडी पेटी येडशीच्या लोहाराकडून करून घेतली.

या वेळी तो गोठ्याजवळच्या लिंबाला गुडघ्याच्या उंचीवर बांधला. तोंड उत्तरेला, म्हणजे सूर्य डोळ्यांत जात नाही. समोरचे गवत मामांनी स्वतः खुरप्याने काढले. हे सारे आपल्या शेतात, बरे का! अभयारण्यात परवानगीवाचून कॅमेरा लावणे म्हणजे वनखात्याशी गाठ.

कोणे एके काळी हे काम दोरीने होत असे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी वाटेवर तार ताणून वाघांकडून त्यांचेच फोटो काढवून घेतले. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. आणि २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे मिळाली! मामांना हे सांगितले तर ते म्हणाले, "त्यात आपलं करडू हाय का?"

पहिल्या आठवड्यात तरस दिसले. पुढून उंच, मागून बसके, पाठीवर आयाळ. तीन रात्री आले, गोठ्याकडे न वळता बांधाने निघून गेले. "हाच चोर!" मामा म्हणाले. शेजारच्या गृहस्थांनाही तसेच वाटले, आणि विषाची गोष्ट पुन्हा निघाली. मी कसेबसे आठ दिवस मागून घेतले.

सहाव्या रात्री दुसरे करडू गेले. मी सकाळीच पोचलो. कार्ड काढताना सालगडी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. दोन वाजून सतरा मिनिटांनी तीन कुत्री कुडाखालून आत शिरली होती. दोन शेजारच्या वस्तीवरची. तिसऱ्याच्या तोंडात करडू होते, आणि तो आमचा मोत्या होता!

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मोत्या तिथेच उन्हात पडला होता. आपले नाव ऐकून त्याने शेपूट हलवले. मग माझ्या ध्यानात आले: पहिल्या कॅमेऱ्यातले शेपूट तेच.

शेजारच्या गृहस्थांनी चित्र पाहिले, आपली कुत्री ओळखली आणि विषाचा विषय काढला नाही. कुत्र्यांनी मारलेल्या करडाला भरपाई नाही, हे ऐकून मामा मात्र रुसले. "आठ हजार घालून माझे पैसे बुडवलेत, मास्तर!" त्याच संध्याकाळी त्यांनी मोत्याला साखळी आणली आणि कुडाखाली दगड रचले. सालगडी त्या रात्री पाण्यावर गेला. विजेरी मात्र दोन घेतल्या.

कॅमेरा अजून लिंबालाच आहे. कार्ड बदलायला मी रविवारी जातो. गेल्या खेपेला साळिंदर आले होते, काटे पिसारून, अगदी यंत्रासमोर. मामांनी ते चित्र मोबाईलवर मागून घेतले आहे.