जायबंदी सैनिक आणि सरकारी नोकरी

युद्ध संपतें, तोफा थंडावतात, विजयोत्सव होतात, आणि थोड्याच दिवसांत लोक आपापल्या उद्योगास लागतात. परंतु हात, पाय किंवा दृष्टि गमावून घरीं परतलेल्या सैनिकापुढें त्याच वेळीं एक नवा प्रश्न उभा राहतो : यापुढें उदरनिर्वाह कसा करावा? निवृत्तिवेतनानें त्याची भूक भागेल; पण पंचविशींतल्या तरुणानें उरलेलें सारें आयुष्य रिकाम्या हातांनीं बसून काढणें ही दुसरी दुखापतच होय. तेव्हां अशा सैनिकास सरकारी नोकरींत अग्रहक्क द्यावा काय, आणि दिल्यास कोणत्या अटीवर द्यावा, ह्याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहोंत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं या बाबतींत दीडशें वर्षांहून अधिक काळ अनुभव घेतला आहे. म्हणून प्रथम त्याच देशाकडे वळूं.

त्या देशांत १८६१ ते १८६५ या काळांत मोठें यादवी युद्ध झालें. तें संपत आलें असतां, ३ मार्च १८६५ रोजीं, तेथील कायदेमंडळानें असा ठराव केला कीं, कर्तव्य बजावतांना झालेल्या जखमेमुळें किंवा आजारामुळें ज्यांना सन्मानानें सैन्यांतून मुक्त करण्यांत आलें, त्यांना मुलकी नोकरींत इतरांच्या आधीं घ्यावें; मात्र तें काम करण्याची लायकी त्यांच्या अंगीं असली पाहिजे. वाचकांनीं ही शेवटची अट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कायद्यांचा पाया तीच आहे.

लायकी कष्टानें परत मिळवितां येते, ह्याचें एक सुंदर उदाहरण त्याच सालीं घडलें. विल्यम ओलंड बोर्न नांवाच्या न्यूयॉर्क येथील संपादकानें, युद्धांत उजवा हात गमावलेल्या सैनिकांसाठीं डाव्या हाताच्या हस्ताक्षराची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या स्पर्धेस एकंदर १,००० डॉलरांचीं बक्षिसें होतीं. ज्यांचा लिहिता हात गेला होता, त्यांनीं लहान मुलाप्रमाणें पुन्हां अक्षरें गिरविलीं, आणि वळणदार अक्षरांत लिहिलेले कागद पाठविले. त्या काळीं कचेरींतील कारकुनास सुवाच्य अक्षर हेंच मोठें भांडवल असे. त्यामुळें त्या कागदांची किंमत बक्षिसाहून पुष्कळ अधिक होती.

१८८३ सालच्या कायद्यानें तेथें परीक्षा घेऊन नोकर नेमण्याची पद्धति सुरू झाली. पुढें १९२३ मध्यें जायबंदी सैनिकाच्या गुणांत १० गुण व इतर माजी सैनिकांच्या गुणांत ५ गुण मिळविण्याची रीत पडली. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, २७ जून १९४४ रोजीं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं एका व्यापक कायद्यावर सही केली, व विखुरलेल्या साऱ्या सवलती एकत्र झाल्या. पहारेकरी, निरोप्ये, पाळण्याचे चालक अशा कांहीं जागा तर या कायद्यानें प्रथम अग्रहक्कवाल्यांसाठींच राखून ठेवल्या.

ही गुणांची रीत विद्यार्थ्यांस सहज समजेल. समजा, एका उमेदवारास ८२ गुण मिळाले व एका जायबंदी सैनिकास ७४. सैनिक स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झालेला आहे. त्याच्या गुणांत १० मिळविले म्हणजे ८४ होतात, आणि तो पुढें जातो. शिवाय, ज्यांचें अपंगत्व शेंकडा १० किंवा त्याहून अधिक ठरून त्याबद्दल भरपाई मिळते, त्यांचीं नांवें बहुतेक पदांच्या यादींत थेट शिरोभागीं लागत. वरच्या दर्जाच्या शास्त्रीय व व्यावसायिक पदांना मात्र हा नियम लागू केला नाहीं. २०१० नंतर पुष्कळ खात्यांनीं गुणांऐवजीं उमेदवारांचे वर्ग पाडण्याची रीत घेतली, तरी अग्रहक्काचें तत्त्व कायम राहिलें. शेंकडा ३० किंवा अधिक अपंगत्व असलेल्यास डावलावयाचें झाल्यास त्याला कारण कळवावें लागतें, आणि उत्तर देण्याची संधि द्यावी लागते.

असा अग्रहक्क न्याय्य आहे काय? आमच्या मतें त्याला दोन भक्कम आधार आहेत. ज्या वयांत त्याचे सोबती शिकले, परीक्षांना बसले व नोकरींत स्थिरावले, तीं वर्षें सैनिकानें राष्ट्राला दिलीं. दुसरें असें कीं, त्याच्या शरीराची हानि राष्ट्राच्या आज्ञेनें कामावर असतांना झाली. ज्याच्या कामांत मनुष्य जायबंदी झाला, त्यानेंच त्याला काम द्यावें, हें तर शेतावरचा साधा गडीहि जाणतो.

तथापि या नाण्यास दुसरी बाजू आहे. एकाला पुढें घेतलें कीं दुसरा मागें राहतो, आणि तो दुसराहि कष्टाळू व निरपराध असतो. मॅसॅच्युसेट्स या संस्थानांत केवळ जायबंदींनाच नव्हे, तर सर्व माजी सैनिकांना उत्तीर्ण होतांच यादींत वर नेण्याचा कायदा होता. तेथील हेलन फीनी नांवाच्या बाईंनीं १९७१ मध्यें एका परीक्षेंत दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळविले. परंतु पांच माजी सैनिक वर गेल्यामुळें यादींत त्यांचा क्रमांक सहावा लागला. त्या काळीं तेथील माजी सैनिकांत शेंकडा ९८ हून अधिक पुरुष होते. बाईंनीं दाद मागितली. १९७९ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं कायदा उचलून धरला. स्त्रियांना वगळण्याचा त्याचा हेतु नाहीं, असें बहुमत पडलें. कायद्याच्या दृष्टीनें वाद मिटला. परंतु आम्हांस त्यांतून एक धडा दिसतो. सवलत जितकी प्रत्यक्ष जखमेशीं निगडित असेल, तितकी ती इतरांना पटते. ती जितकी पसरत जाईल, तितका तिचा भार फीनीबाईंसारख्यांवर पडतो.

आपल्या देशांतहि हेंच तत्त्व मान्य झालें आहे. १९७९ च्या नियमांनीं केंद्र सरकारच्या गट ‘क’ मधील शेंकडा १० व गट ‘ड’ मधील शेंकडा २० जागा माजी सैनिकांकरितां राखल्या. सरकारी उद्योगांत व राष्ट्रीयीकृत बँकांत शेंकडा साडेचार जागा जायबंदी माजी सैनिक आणि युद्धांत कामीं आलेल्यांचे आश्रित यांच्यासाठीं ठेवण्यांत आल्या. परंतु जागा राखली म्हणजे काम भागलें असें नाहीं. ती भूषविण्याची तयारीहि व्हावी लागते. त्यासाठीं १९१७ मध्यें मुंबईंत स्थापन झालेली व पुढें पुण्याजवळ खडकीस गेलेली क्वीन मेरी संस्था जायबंदी सैनिकांना हातचे उद्योग शिकवीत आली. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जबर जखमी झाले. त्यांनींच १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक जिंकलें. जखमेनें शक्तीचा एक मार्ग बंद केला, तरी दुसरा उघडतां येतो, हें त्यांनीं दाखविलें.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी नेमणूक करणाऱ्याच्या खुर्चीवर बसेल, तर कोणी यादींत एक पायरी खालीं उतरलेला उमेदवार असेल. पहिल्यानें जायबंदी सैनिकास दयेनें जागा देऊं नये. तें त्याचें येणें आहे असें समजून द्यावी, आणि त्याच्याकडून पुरतें काम घ्यावें. दुसऱ्यास वाईट वाटेल, आणि तें स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापुढें गेलेल्या मनुष्यानें ती पायरी कशाच्या मोलानें मिळविली, एवढें त्यानें मनाशीं आठवावें. आणि कायदा करणाऱ्यांनीं या दोघांचीहि आठवण ठेवावी.