बांधावरचे ज्ञान नोंदवहीत कसे यावे?

पेण तालुक्यातील खारेपाट व रोहे तालुक्याचा कुंडलिकेच्या खाडीलगतचा पट्टा ह्या दोन्ही ठिकाणी भाताचे पीक बियाणे, खत किंवा मेहनत यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, एका मातीच्या बांधावर अवलंबून असते, ही गोष्ट येथील शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. बाहेरकाठा शाबूत असेल तर पावसाचे गोडे पाणी शेतात राहते, मीठ धुपून खाली जाते व पीक येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्यास खांड पडली, की खारे पाणी आत शिरून एका घटकेत वर्षाचे पीक जाते. एवढेच नव्हे, तर पुढील दोनतीन पावसाळे ती जमीन पूर्वपदावर येत नाही. हे नुकसान टाळावयाचे, तर खांड पडण्यापूर्वीची चिन्हे ओळखणारा मनुष्य पाहिजे. ती ओळखणारी माणसे आपल्यांत आहेत. परंतु त्यांचे ज्ञान त्यांच्यापाशीच राहते. ते सर्वांच्या उपयोगी कसे पडेल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे ज्ञान पूर्वी कोठे राहत असे, ते प्रथम पाहू. पेण भागात शिलोत्रदार म्हणून एक वर्ग होता. खाजण बांधून काढणे व बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणे ही त्याची जबाबदारी असून त्याबद्दल तो कसणाऱ्यांकडून भाताच्या रूपाने हक्क घेत असे. ह्याखेरीज गावोगाव जोळाची पद्धत होती. ज्यांची जमीन एका बांधाच्या आसऱ्यास, त्या सर्वांनी मिळून आपल्या हातांनी त्याची डागडुजी करावयाची, हे जोळाचे तत्त्व. जोळात काम करता करता तरुण मुलगा वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकत असे. चिखल किती ओला घ्यावा, त्यात पेंढा कोठे घालावा, उघाडीची फळी कोणत्या वेळी चढवावी, हे त्यास कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. पुढे १९४८ साली मुंबई इलाख्यात खारजमिनींचा कायदा झाला व सरकारी मंडळ आले; १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकासाचा कायदा झाला. बांधांचे काम सरकारी खात्याकडे व ठेकेदारांच्या यंत्रांकडे गेले. यंत्राने काम जलद होते, ह्यात शंका नाही. परंतु जोळ मोडला तेव्हा त्याबरोबर शिकण्याची जागाही मोडली, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आता घरचा मुलगा धाटावच्या कारखान्यात किंवा मुंबईस नोकरीस असतो, आणि बांधाची खरी ओळख उरते ती एखाद्या म्हाताऱ्या गड्यास, उघाडीवर पाळत ठेवणाऱ्या माणसास, किंवा खाजणात चिंबोऱ्या धरणाऱ्या कातकरी बाईस. बिळे कोठे वाढली आहेत हे तिच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पण तिला कोणी विचारीत नाही.

माहिती सांगितली न जाण्याची कारणे शोधू गेल्यास पहिले कारण हेच आढळते, की विचारणारा नसतो. दुसरे कारण भीतीचे. उघाडीची फळी नीट न बसल्यामुळे रात्री पाणी आले, हे ज्याने प्रथम पाहिले तोच ती फळी बसविणारा असेल, तर तो बोलणार नाही. कारण बोलल्यास मजुरी कापली जाईल असे त्यास वाटते, व पुष्कळदा तसे होतेही. तिसरे कारण असे, की आपल्या अंगची युक्ती सर्वांस कळली म्हणजे आपली किंमत कमी होईल, अशी समजूत असते. ही समजूत केवळ मजुरांची नव्हे. चांगले बियाणे कोठून आणले, हे शेजाऱ्यास न सांगणारे जमीनदारही आपल्यांत आहेत. परंतु खारेपाटात ही लपवाछपवी निरर्थक ठरते. कारण शेजाऱ्याच्या अज्ञानाने त्याच्या हद्दीत बांध फुटला, तर पाणी हद्द पाहून थांबत नाही.

ह्या बाबतीत पेणच्या गणेशमूर्तींचा धंदा पाहण्यासारखा आहे. मूर्तीचा साचा, रंगाची मिळवणी, डोळ्यांची आखणी ही कारखानदारांची मोलाची विद्या. हाताखालचा कारागीर ती शिकला तर उद्या स्वतःचा कारखाना काढील, ही भीती येथेही होती, आणि झालेही तसेच. शहरातील कारखान्यांत शिकलेल्या हातांनी हमरापूर, जोहे ह्या गावी घरोघर कारखाने उभे केले. परंतु त्यामुळे पेणचा धंदा बुडाला काय? उलट माल वाढला, गिऱ्हाईक वाढले, आणि पेणची मूर्ती देशाबाहेरही जाऊ लागली. स्पर्धेने काही कारखानदारांस त्रास झाला असेल, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु एकंदर गावाचा विचार करता विद्या पसरण्यात तोटा झाला असे म्हणता येत नाही.

परदेशातील एक उदाहरण आपल्या कामाशी चांगले जुळते. झेरॉक्स नावाच्या अमेरिकन कंपनीची छायाप्रती काढण्याची यंत्रे जगभर आहेत. ती दुरुस्त करणारे कारागीर कंपनीने दिलेल्या जाड पुस्तकावरून काम करतात, असा वरिष्ठांचा समज होता. जूलियन ऑर ह्या संशोधकाने त्यांच्याबरोबर हिंडून पाहिले, तेव्हा असे दिसले की अडलेल्या यंत्राची खरी उकल ते जेवणाच्या वेळी एकमेकांस सांगितलेल्या हकिगतींवरून करतात. त्यावरून १९९० नंतरच्या दशकात कंपनीने, प्रथम फ्रान्समध्ये, अशी व्यवस्था केली की कारागिराने आपली युक्ती लिहून पाठवावी, अनुभवी कारागिरांनी ती पारखावी, आणि खरी ठरल्यास शोधणाऱ्याच्या नावासह ती सर्वांस मिळावी. ह्या व्यवस्थेत भर होता तो बक्षिसाच्या रकमेवर नव्हे, तर नावावर. हजारो कारागिरांनी तीत भाग घेतला. ह्यातील दोन गोष्टी आपण उचलण्यासारख्या आहेत. युक्ती पारखणारे त्याच धंद्यातील लोक होते, व युक्तीपुढे सांगणाराचे नाव होते.

नावाची गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे समजण्यास परदेशी जावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली त्यांस आपल्या शेतातील पटेल-३ जातीच्या भातात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या ठेवून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी जी जात तयार केली, ती पुढे एचएमटी ह्या नावाने घरोघर पोहोचली. त्यांनी बियाणे कोणापासून लपविले नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही ते नेले, व १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी ह्या नावाने शुद्ध केलेली जात प्रसारित झाली. परंतु नावात दादाजींचा मागमूस नव्हता. आपल्या श्रेयासाठी त्यांस दीर्घकाळ झगडावे लागले. २००५ साली त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची स्थिती गरिबीचीच होती. ज्ञान देणाऱ्याची अशी उपेक्षा एकदा लोकांनी पाहिली, की दुसरा मनुष्य तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करील. आपल्या भागातील काळा राता व भुरा राता ह्या खारास टिकणाऱ्या भातांची निवडही मूळच्या स्थानिक बियाण्यांतूनच झालेली आहे. ती बियाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांपैकी एकाचेही नाव आज कोठे नोंदलेले सापडत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेविषयी. प्रत्येक गावच्या सोसायटीने बांधाची एक नोंदवही ठेवावी. लिहिता न येणाराने सांगावे व चिटणिसाने त्याच्याच शब्दांत लिहावे. आगरी किंवा कातकरी बोलीतील शब्द शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये; शुद्ध करताना नेमका अर्थ निसटतो. भ्रमणध्वनीवर बोलून ठेवलेली माहितीही चालेल. मात्र ती त्याच आठवड्यात वहीत उतरविली पाहिजे, नाही तर शुभेच्छांच्या आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत ती वाहून जाते. सांगणाराचे नाव, बांधाचा टप्पा, तिथी व भरतीची वेळ एवढे लिहिले म्हणजे पुरे. वयाने मोठ्या गड्यास विचारताना अहो-जाहोने विचारावे, आणि तो वेळ मजुरीत धरावा. मालकाचा अर्धा दिवस मोलाचा व गड्याचा फुकट, असे धरले तर वही कोरीच राहील.

नोंद कशी असावी, ह्याचा एक नमुना देतो. उधाणात बांधाच्या आतल्या बाजूस पाणी झिरपू लागले, तर ते निवळ आहे की गढूळ, हे पाहावे. निवळ पाणी संथपणे येत असेल तर धोका तातडीचा नाही, लक्ष ठेवावे. पाणी गढूळ झाले, म्हणजे बांधाच्या पोटातील माती वाहू लागली असे समजावे, आणि ओहोटीची वाट न पाहता माणसे बोलवावी. अशा वेळी आतल्या तोंडावर चिखल थापून ते बुजविण्याचा मोह होतो. त्याने पाणी कोंडून दुसरीकडे वाट काढते. आतल्या बाजूस प्रथम रेती व तीवर खडी घालून पाणी निघू द्यावे व माती अडवावी, आणि ओहोटी होताच खाडीच्या बाजूचे बिळाचे तोंड शोधून, ते खणून, ओला चिखल थराथराने चोपून भरावे. ही चार वाक्ये जर वहीत असतील आणि नव्या पाळतकऱ्याने ती वाचलेली असतील, तर पुष्कळ खांडी वाचतील.

आलेली प्रत्येक नोंद खरी असतेच असे नाही. तिची पारख बांधावर काम केलेल्या तिघाचौघांनी करावी. बियाणे, माती व खत ह्यांविषयीच्या नोंदी असतील, तर रोह्याजवळ किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रास किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रास विचारावे. माती तपासून मिठाचे प्रमाण कळले, म्हणजे अंदाजाचे भांडण राहत नाही. नोंद चुकीची ठरली तरी ती खोडू नये. का चुकली हे शेजारी लिहावे व सांगणारास कळवावे. उत्तर न मिळणे हा सर्वांत मोठा अपमान असतो.

रोहे तालुक्याच्या कालव्याखालील गावांस बांधाऐवजी पाटाची वही ठेवावी लागेल. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरते व डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते. उन्हाळी भाताची पाळी कोठे तुटते, शेवटच्या शेतास पाणी का पोहोचत नाही, हे पाटकऱ्यास पाठ असते. तपशील निराळा, रीत तीच.

राहिला प्रश्न मजुरी कापण्याचा. ज्या सोसायटीत वही सुरू करावयाची, तेथील जमीनमालकांनी प्रथम एकत्र बसून असा ठराव करावा, की ज्याने स्वतःची चूक स्वतः येऊन नोंदविली, त्याच्याकडून त्या चुकीची भरपाई घेतली जाणार नाही. हा ठराव वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या, आणि गड्यांस व पाळतकऱ्यांस तो वाचून दाखवावा. हे काम ज्येष्ठातील पहिल्या मोठ्या उधाणापूर्वी, म्हणजे उघाड्यांच्या फळ्या तपासावयास माणसे बांधावर जमतात त्याच दिवशी, उरकून घेणे सोयीचे होईल.